तणावाच्या रात्रीसाठी गल्लीचा गट: माणसं, अफवा, सोबत आणि नंतरचे कागद

सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा येतो, बिस्किटांचा पुडा फुटतो, तेच ते पंधरा चेहरे 'आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सलोखा आहे' असं सांगतात, फोटो निघतो. या बैठकीला नावं ठेवायचं कारण नाही. मिरवणुकीचा मार्ग, स्पीकरची वेळ हे तिथंच ठरतं. पण रात्री साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी चाळीस पोरं जमतात आणि कुणीतरी ओरडतं, 'आपल्या पोराला तिकडं मारलंय', तेव्हा त्या पंधरांतलं कुणीही तिथं नसतं. तिथं असतो पानवाला, रिक्षा लावून घरी निघालेला ड्रायव्हर आणि रात्रीचं पाणी भरायला जाग्या असलेल्या बायका. तणावाच्या रात्री अफवा तपासणारा आणि लोकांना सोबत देणारा गल्लीचा गट या लोकांना धरून बांधायचा आहे.

पुण्यात भवानी पेठ, येरवडा, रामटेकडी, कोंढवा, कुठंही तीन-चारशे घरांची वस्ती डोळ्यांसमोर धरा. त्याहून मोठा भाग असेल तर दोन गट करा. एका गटाला दहा मिनिटांत चालत गाठता येतं तेवढाच त्याचा इलाखा.

पद्धत नवी नाही. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना सुरू केली. नि:शस्त्र राहून नागरिकांचं रक्षण करणाऱ्या 'नॉनव्हायोलंट पीसफोर्स' या संस्थेची स्थापना २००२ मध्ये दिल्लीजवळच्या सूरजकुंडला झाली. दक्षिण सुदानमध्ये जळण आणायला रानात जाणाऱ्या बायकांवर हल्ले होत, तेव्हा या संस्थेची माणसं त्यांच्यासोबत चालत गेली. हातात बंदूक नाही, फक्त कुणीतरी पाहतंय ही जाणीव. अशा कामात पहिल्यांदा कळतं ते हे की, लोक स्वतःचं रक्षण आधीपासून करतच असतात. कुठल्या वेळी निघायचं, कुणाला बरोबर घ्यायचं, कुठली वाट टाळायची हे त्यांना ठाऊक असतं. आपण ते शोधायचं आणि त्याला हातभार लावायचा. वरून नवीन काही लादलं की आहे तेही मोडतं.

माणसं कोण घ्यायची

बारा ते सोळा जण पुरेत. वीसच्या वर गेलात की निरोप पोहोचत नाही आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही. निम्म्या बायका हव्यात, आणि तेही शोभेसाठी नाही. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई प्रत्येक घरात जातात, कुठल्या घरी कोण आजारी, कोण गरोदर, कुणाचा मुलगा रात्रपाळीला, हे त्यांना तोंडपाठ असतं. बचत गटाची एखादी अध्यक्ष घ्या. मंडळाचा एक कार्यकर्ता हवाच, पण अध्यक्ष नको. मंडप बांधणारा, ट्रॅक्टर ठरवणारा पोरगा घ्या. मशिदीच्या ट्रस्टींपैकी एक आणि विहारात नेमाने जाणारं एक जण. तालमीतला वस्ताद असेल तर फार बरं, कारण त्याच्यापुढे पोरं गप्प बसतात. रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं मेडिकल, अंडाभुर्जीची गाडी, रिक्षा स्टँड, यांतले दोघं.

कोण नको? निवडणुकीला उभं राहणार असलेला कुणीही. चांगला असला तरी नको. त्याच्या प्रत्येक हालचालीचा हिशेब दुसरा पक्ष मांडतो आणि गट आपोआप 'त्याचा' होतो. दुसरं म्हणजे भाषणाची हौस असलेला माणूस.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक ठिकाणी होते: प्रत्येक समाजाचा एकेक 'प्रतिनिधी' घेणं. प्रतिनिधी आला की तो आपल्या लोकांची बाजू मांडायला बसतो. जोड्या कामावरून लावा. रात्री जागे असणारे दोघं, दुचाकी असलेले दोघं, प्रथमोपचार येणारे दोघं. जोडीत दोन समाजांची माणसं आपसूक येतील असं पाहा, पण त्याचा गाजावाजा करू नका.

नकाशा, तोही पायी

मोबाइलवरचा नकाशा गल्लीबोळात कामाचा नाही. रविवारी सकाळी चौघांनी वही आणि टेप घेऊन फिरायचं, साधारण दोन तास लागतात. कुठल्या बोळातून रुग्णवाहिका आत येते (तीन मीटर मोकळे नसतील तर येत नाही असं धरा) आणि मंडप लागल्यावर त्यातलं काय बंद होतं. कुठल्या घरांना मागून दार आहे. रस्त्यावरचे दिवे कुठे बंद आहेत. बांधकामाची खडी, फरशांचे तुकडे, भंगाराच्या दुकानाबाहेरच्या बाटल्या कुठे पडल्या आहेत. दंगलीत दगड आकाशातून येत नाहीत, आदल्या आठवड्यात कुणीतरी टाकलेल्या राडारोड्यातून येतात. मिरवणुकीच्या दोन दिवस आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडून तो ढीग उचलून घेणं हे शांततेचं सगळ्यांत स्वस्त काम आहे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

नकाशावर घरांवर जातधर्माच्या खुणा करू नका. असा कागद चुकीच्या हातात पडला तर तीच हल्ल्याची यादी होते. फक्त मदत लागणारी घरं आकड्याने दाखवा: डायलिसिसचा पेशंट, एकटी म्हातारी, तान्हं बाळ. आकड्यांची किल्ली एका वहीत, आणि ती वही एकाच घरात.

अफवा: पहिली वीस मिनिटं

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजारच्या दिवशी मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठार मारलं गेलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मुलं पळवण्याचे मेसेज त्याआधी कित्येक दिवस फोनवर फिरत होते. अफवा एका क्षणात पेटत नाही, आधी सुकते. म्हणून अफवांची नोंद शांत दिवसांतही ठेवायची.

केनियातल्या ताना खोऱ्यात २०१२ मध्ये दोन जमातींत मोठा हिंसाचार झाल्यावर तिथं 'उना हाकिका' नावाची व्यवस्था उभी राहिली. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'तुला खात्री आहे का?' गावातला माणूस ऐकलेली गोष्ट फोनवरून कळवतो, कार्यकर्ते ती तपासतात आणि उत्तर त्याच भागात परत पाठवतात. यातलं शेवटचं पाऊल सगळ्यांत महत्त्वाचं आणि आपल्याकडे नेमकं तेच गळतं. खरं काय ते गटाला कळतं, वस्तीला कळत नाही.

वहीत सहा रकाने करा: वेळ, काय ऐकलं (त्याच शब्दांत), कुणाकडून आणि त्याने कुणाकडून, कुठे घडलं म्हणतात, कुणी जाऊन पाहिलं, उत्तर कधी आणि कुणाला दिलं. एक नोंद अशी दिसेल:

'रात्री ९.४०. "शाळेमागे पोराला गाडीत घातलं." सांगणारी: दळणाच्या दुकानातल्या ताई, त्यांनी भाच्याकडून, भाच्याने मेसेजमधून. शाळेमागचं मैदान. ९.५२ ला जोडी क्र. ३ गेली, वॉचमन भेटला, संध्याकाळपासून गाडी आली नाही. चौकीत फोन, मूल हरवल्याची तक्रार नाही. १०.०५ ला दळणाचं दुकान, नळ आणि रिक्षा स्टँड इथं जाऊन सांगितलं.'

तपासताना तीनच प्रश्न: तू स्वतः पाहिलंस का? कुठे, नेमकी जागा सांग. त्या मुलाचं किंवा माणसाचं घर कुठलं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक अफवा गळून पडतात. व्हिडिओ असेल तर त्यातल्या दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, गाड्यांचे नंबर कुठल्या राज्याचे, लोकांनी स्वेटर घातलेत का, हे पाहा. मे महिन्यात पुण्यातल्या मारहाणीत कुणी मफलर बांधलेला नसतो. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं लिहून दोन बाण दिसत असतील तर पाठवणाऱ्याने तो पाहिलेला प्रसंग नाही, एवढं नक्की.

उत्तर लिहिण्यातही लोक चुकतात. 'शाळेमागे मूल पळवल्याची बातमी खोटी आहे, विश्वास ठेवू नका' असं लिहिलं की अर्ध्या लोकांच्या डोक्यात मूल पळवलं एवढंच उरतं. खरी गोष्ट आधी लिहा: 'रात्री ९.५२ ला आपल्यातले दोघं शाळेमागच्या मैदानात जाऊन आले. सगळं नेहमीसारखं आहे. वॉचमन जागेवर आहे. पुढचा निरोप साडेदहाला.' कुणी पाहिलं, किती वाजता, पुढचं कधी कळेल. समाजाचं नाव नाही, उपदेश नाही, हात जोडलेले इमोजी नाहीत. आणि साडेदहाला सांगण्यासारखं काही नसलं तरी निरोप द्यायचाच. शब्द दिलेली वेळ चुकली की पुढच्या वेळी तुमचा मेसेज वाचला जात नाही.

अफवा खरी निघाली तर? लपवू नका. 'मारामारी झाली, दोघं जखमी, ससूनला नेलं, शुद्धीवर आहेत, पोलीस आलेत' एवढं सांगितलं की 'दोघं मेले' हे फिरायला जागा उरत नाही. खऱ्या बातमीला झाकणाऱ्या गटावर लोक पुन्हा विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवूही नये.

गटाच्या व्हॉट्सॲपवर फक्त ॲडमिननाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा, तीन ॲडमिन. सोसायट्यांच्या ग्रुपवरचा प्रत्येक वाद मिटवायला जाऊ नका. ती भिंत आहे, डोकं तुमचं फुटेल. ग्रुपमध्ये ज्याचं ऐकलं जातं असा एक माणूस शोधा आणि त्याला वैयक्तिक फोन करा.

सोबत

जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या एका पोस्टवरून पुण्यात तणाव पसरला आणि हडपसरमध्ये आयटीत काम करणाऱ्या एका तरुणाला नमाजाहून परतताना ठार मारण्यात आलं. त्या पोस्टशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. धोका भांडणाऱ्यांना कमी असतो. तो असतो वेशावरून ओळखू येणाऱ्या, घरी जायला निघालेल्या माणसाला.

म्हणून तणावाच्या दिवशी पहिला प्रश्न: आज रात्री कोण बाहेर आहे? रात्रपाळीचे, शेवटच्या पीएमपी बसने येणारे, धुणीभांडी करून परतणाऱ्या बायका, पहाटे नमाजाला किंवा दूध टाकायला जाणारे. प्रत्येकाला आधी विचारा, सोबत हवी का. नको म्हणाला तर सोडा. कित्येकदा आपल्यासोबत दिसणंच त्याला अडचणीचं असतं. हो म्हणाला तर दोघांची जोडी, पायी, उजेडाच्या वाटेने, ठरलेल्या तीन ठिकाणांहून एकेक मिस्ड कॉल. तीन जोड्यांच्या वर रस्त्यावर नको. दहा जण एकत्र चालले की तो जमावच दिसतो.

जाकीट घालायचं तर रंगाचा विचार करा. भगवा, हिरवा, निळा सगळे कुणा ना कुणाचे झालेत. आपल्याकडे मोकळा रंगच राहिलेला नाही. रस्त्याचं काम करणाऱ्यांचं चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट त्यातल्या त्यात बिनधोक, रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला मिळतं. पाठीवर काही छापू नका. खिशात टॉर्च, शिट्टी, पाण्याची बाटली, दोन स्वच्छ सुती कापडं. काठी नाही, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नाही. झडतीत जे सापडेल ते हत्यारच ठरतं.

जमावाने माणूस धरला तर

हे सगळ्यांत अवघड काम. सरावाशिवाय करू नका. चार जण लागतात आणि चौघांची कामं वेगळी.

पहिला ११२ लावतो. काय बोलायचं ते पाठ हवं: जागा, जवळची खूण, जमलेले साधारण किती, माणूस शुद्धीवर आहे का, कुठल्या बाजूने गाडी आत येईल. 'इथं गडबड चालू आहे, लवकर या' हा फोन वाया जातो.

दुसरा त्या माणसाजवळ जातो आणि त्याला भिंतीला पाठ लावून बसवतो. उभा माणूस ढकलला जातो, पडतो आणि तुडवला जातो. पळणाऱ्याच्या मागे तर सगळेच पळतात. त्याच्याशी हळू बोलत राहायचं, नाव विचारायचं, पाणी द्यायचं. त्याला पाणी पाजताना दिसलं की मारणाऱ्यांतले काही जण मागे सरकतात.

तिसरा जमावाशी बोलतो, पण सगळ्या जमावाशी नाही. सर्वांत जोरात ओरडणाऱ्याला टाळायचं आणि ओळखीचा चेहरा शोधून नावाने हाक मारायची. 'अरे सचिन, तू पाहिलंस का काय झालं ते?' जमावात नाव पुकारलं की माणूस पुन्हा एकटा होतो. 'हा निर्दोष आहे' असं म्हणायचं नाही, ते तुम्हाला माहीत नसतं आणि वादाला तोंड फुटतं. म्हणायचं, 'दोषी असेल तर पोलिसांच्या हातात जाऊ दे, इथं मेला तर आतमध्ये आपली पोरं जातील.' हे खरंही आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात किंवा समुदाय, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी आहे.

चौथी व्यक्ती, शक्यतो वयस्कर बाई, लहान मुलांना आणि रिकामटेकड्या बघ्यांना बाजूला काढते. बघे कमी झाले की जोर निम्मा होतो.

खोलीत न्यायची वेळ आली तर मागून दार असलेली, तळमजल्याची खोली हवी. एकच दार असलेली खोली हा सापळा असतो. राईनपाड्यात मारहाण ग्रामपंचायतीच्या खोलीतच झाली. आणि एकदा लाठ्याकाठ्या निघाल्या, तुमच्यापैकी कुणाला दुसरा फटका बसला, की मागे यायचं. तेव्हा जवळून, पण सुरक्षित अंतरावरून पाहत राहा आणि पोलिसांना वाट दाखवा. हे वाचायला कठोर वाटेल, पण दोन प्रेतं एका प्रेतापेक्षा बरी नसतात.

जखमेतून रक्त वाहत असेल तर कापड घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं उचलून पाहू नका. अश्रुधूर आला तर डोळे चोळू नका, वारा ज्या बाजूने येतोय तिकडे तोंड करून बाहेर या आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. रुग्णवाहिकेला १०८.

पोलीस

भिवंडी १९७० ला जळली, १९८४ ला जळली. १९८८ मध्ये तिथं पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ ला शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. बंदोबस्त मोठा होता म्हणून नव्हे. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि तिथलाच पोलीस महिनोन्‌महिने एकमेकांसमोर बसत होते म्हणून. मुंबईत १९९४ पासून असंच काम सुरू झालं. यात खाच एकच: सगळं अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभं राहिलं तर बदलीबरोबर तेही जातं. म्हणून ओळख वरिष्ठ निरीक्षकाशी ठेवाच, पण रोजचं नातं बीटवरच्या हवालदाराशी जोडा.

एक मर्यादा लिहून ठेवा आणि दोन्हीकडे सांगा. जीविताला धोका, हत्यारं, ठरवून चाललेली जमवाजमव हे पोलिसांना लगेच कळवणार. कोण कुठल्या सभेला गेला, कोण काय बोलला हे नाही. गटाला 'खबरी' हे नाव पडलं की त्या वस्तीत गट संपला.

दुसऱ्या दिवशी

इथं बहुतेक गट ढिले पडतात. काचा झाडायच्या आधी फोटो काढा: आधी लांबून दुकानाची पाटी दिसेल असा, मग नुकसानीचा जवळून. पंचनामा होईपर्यंत हलवाहलव नको. रिक्षा किंवा दुकानाचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही, हे लोकांना तेव्हा कळतं आणि राग गटावर निघतो. म्हणून पॉलिसी शांत दिवसांत वाचून घ्या.

तक्रार द्यायला गेल्यावर हद्द आमची नाही म्हणून पोलीस ठाण्यातून कुणी परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा आधार आहे: गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि प्रत मोफत मिळते. तरीही नोंद झाली नाही तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज, पोस्टाने, पोच ठेवून. व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. फॉरवर्ड केलेल्या प्रतीचा दर्जा घसरतो, तारीख हरवते; कोर्टात लागला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते फोनच्या मालकाकडून घेणं सोपं जातं. जातीय हिंसाचारातल्या पीडितांना आणि अटकेतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो: शिवाजीनगर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. गटाने दोन्ही बाजूंच्या घरांना हा नंबर द्यायचा. एका बाजूच्या पोरांना वकील आणि दुसऱ्या बाजूला फक्त सहानुभूती, असं झालं की पुढच्या भांडणाचं बी तिथंच पडतं.

आठवड्याच्या आत पाहा की काय तुटलं: कुणी कुणाच्या दुकानातून किराणा घेणं थांबवलं, कुठली मुलं शाळेला येत नाहीत, नळावरची रांग वेगळी झाली का. आणि काय टिकलं. बहुधा बचत गटाची वसुली, टँकर, शाळेची रिक्षा, दवाखाना टिकतात. तिथूनच पुन्हा धागा धरा. लगेच स्टेज टाकून एकतेचा कार्यक्रम घेऊ नका, ज्याचं दुकान जळालंय तो त्या खुर्चीवर कसा बसेल? तुंबलेलं ड्रेनेज उघडायला दोन्ही गल्ल्यांनी मिळून अर्ज दिला तर त्यावर सह्या होतात, आणि सह्या करताना चार शब्द बोलले जातात.

शांत काळात गटाचं काम महिन्यातून एक तास. अफवांची वही वाचायची आणि पुढच्या दोन महिन्यांचं कॅलेंडर पाहायचं: पालखी, १ जानेवारी (भीमा कोरेगाव), शिवजयंती, आंबेडकर जयंती, ईद, गणपती, मतमोजणी. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलला. असा निर्णय आदल्या रात्री होत नसतो, तारखा कुणीतरी दोन महिने आधी पाहिलेल्या असतात.

दर तीन महिन्यांनी रात्री अकरा वाजता, आधी न सांगता, सगळे नंबर लावून पाहायचे. दोनदा उचलला नाही की ते नाव यादीतून खाली आणि त्याच गल्लीतलं दुसरं वर. त्याबद्दल कुणी रुसायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या.